गाण्यांचे आणि मालिकांचे जुने होणे (खानदेश)

एके काळी घरोघर वाजलेले गाणे किंवा सगळ्या गल्लीने मिळून पाहिलेली मालिका काही वर्षांनी पुन्हा समोर आली की वेगळीच भासते. कधी ती फिकी वाटते, कधी अवघडल्यासारखे होते, तर कधी पहिल्यापेक्षा जास्त गोडी लागते. या नोंदीत जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे, तसेच त्यांना लागून असलेला बागलाण-मालेगावचा अहिराणी बोलीचा पट्टा धरला आहे. या भागात एक गोष्ट सहज दिसते. माणसांच्या तोंडी राहिलेले गाणे पिढीगणिक थोडेथोडे बदलत गेले आणि टिकले. यंत्रातच राहिलेले गाणे मात्र त्या यंत्राबरोबर म्हातारे झाले.

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तालुक्याच्या गावी ‘कॅसेट भरून’ देणारे दुकान असे. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून देई आणि दुकानदार कोऱ्या साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर गाणी उतरवून ठेवी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण ९० मीटर फीत असते. तिची रुंदी चार मिलिमीटरहून थोडी कमी असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. दर वेळी ती टेपच्या हेडवर घासते, वरचा चुंबकीय थर झिजतो आणि आधी झांज-घुंगरांसारखे बारीक आवाज जातात. खानदेशात त्यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो. काळीपिवळी जीपच्या काचेमागे राहून गेलेल्या कॅसेटचे कवच वाकते, फीत अडखळत फिरते आणि गायकाचा सूर डुलू लागतो.

बरीच वर्षे न वाजवलेली कॅसेट लावली तर आणखी एक गोष्ट ऐकू येते. गाणे सुरू होण्याच्या क्षणभर आधी त्याचीच पहिली ओळ अगदी पुसट, शेतापलीकडून आल्यासारखी उमटते. रिळावर वेढ्यावर वेढा बसलेला असतो आणि एका वेढ्याचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उतरतो, म्हणून हे घडते. लहानपणी अशी कॅसेट ऐकलेल्यांना तेच गाणे मोबाइलवर स्वच्छ ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. राहिलेली असते ती ही चाहूल.

गाण्याचे वय सुरांपेक्षा साजावरून लवकर कळते. कीबोर्डवरचा तयार ताल, ऑक्टोपॅडचे ठोके आणि अलीकडे आवाज सरळ करणारे सॉफ्टवेअर, या गोष्टी ज्या वर्षी सगळ्यांत नव्या वाटल्या त्याच वर्षाचा शिक्का त्या गाण्यावर मारतात. डफ, सांबळ किंवा सातपुड्यातल्या पावरी या फुंकवाद्यावर असा शिक्का बसत नाही.

मालिकांची गोष्ट निराळी आहे, कारण मालिका गुणगुणता येत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने पसरली ती १९८४च्या आसपास, देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागल्यावर. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी दाखवले गेले. गल्लीत एखादाच संच असे. ओट्यावर, अंगणात माणसे दाटीने बसत. वीज गेली तर बारा व्होल्टवर चालणारा छोटा कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडत. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा अनेक तरुणांना ती फार संथ वाटली. एकेका चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो! माझ्या मते तो संथपणा त्या अंगणाला साजेसा होता. कोणी उशिरा येई, कोणी म्हशीला पाणी दाखवून परत बसे, मागची म्हातारी “काय झालं वं?” असे विचारी. एवढ्या गोंधळातही कथा हातातून सुटत नसे. घरात एकट्याने मोबाइलवर पाहणाऱ्याला त्या थांब्यांचा उपयोग उरला नाही.

चित्रही बदलले. जुने कार्यक्रम ४:३ आकारात आणि ५७६ दृश्य ओळींत चित्रित झालेले असत. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणून दाखवले की माणसे बुटकी आणि जाड दिसतात. जुन्या संचाच्या फुगीर काचेवर कडा आपोआप मऊ होत. सपाट पडद्यावर तेच चित्र खरबरीत होते, नकली दाढीचा डिंकही दिसतो.

काही गोष्टी जुन्या वाटतात त्या मात्र चित्रामुळे नव्हे. जुन्या मराठी मालिकांत बोली बोलणारे पात्र बहुतेकदा गडी, मोलकरीण किंवा हवालदार असे आणि त्याच्या उच्चारांवर हशा पिके. तेव्हा खानदेशातले प्रेक्षकही हसत. आज ते पाहताना बोचते आणि बोचायलाच हवे. अहिराणीतले ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणे यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहे. ते गाणारी पोरे आपल्या बोलीबद्दल कोणाची माफी मागत नाहीत.

फॅशन सरलेल्या सिनेगीताला खानदेशात दुसरे घर मिळते ते ‘चाल’ म्हणून. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खानदेशाची लोकदेवी घरोघर बसते, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी विसर्जन होते. त्या जागरणात बायका देवीच्या ओळी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या चालीवर बसवतात. मूळ सिनेमा कोणाला आठवत नाही, नटनट्यांची नावे पुसली जातात, पण चाल राहते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर फिरून गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली हेच करतात आणि गाणे संपल्यावर डब्यातला खाऊ ओळखायला लावतात.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी याच वाटेची आहेत. लिहिता न येणाऱ्या या बाईने जात्यावर आणि शेतात लेवा गणबोलीत रचलेल्या ओळी मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवल्या. पुस्तक निघाले १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर. पुढे ती गाणी ध्वनिमुद्रित झाली, पाठ्यपुस्तकांत आली. घरातले जाते केव्हाच अडगळीत गेले, तरी गाणे गेले नाही.

‘कॅसेट भरून’ देणाऱ्या दुकानात पुढे सीडी आल्या, मग मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह ‘भरून’ मिळू लागले. शब्द तोच राहिला. पण घराघरांत ट्रंकेच्या तळाशी अजून अशा कॅसेट आहेत ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही: आजीने म्हटलेली कानबाईची गाणी, एखाद्या लग्नातला बँड, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरचे मुलींचे आवाज. अशी कॅसेट थेट वाजवू नये. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. मगच पहिल्या वाजवणीलाच मोबाइल किंवा संगणकावर उतरवून घ्यावी, कारण काही फिती एकदाच वाजतात.