पाढा म्हणता येणं आणि गुणाकार येणं

मूल ‘सात एके सात’पासून सत्तरपर्यंत न अडखळता म्हणतं, म्हणजे त्याला सातचा पाढा येतो असं आपण धरून चालतो. त्याला मधूनच विचारा, ‘सात आठे?’ ओठ हलू लागले आणि गाडी पुन्हा सात एकेपासून निघाली, तर त्याला चाल पाठ आहे. सुटा गुणाकार अजून यायचा आहे. तोंडी परीक्षेत बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट तपासली जाते.

फरक नडतो तो असा. ४७८ × ६ करताना सहा आठे अठ्ठेचाळीस, हातचे ४. आता सहा सातेसाठी मूल सहा एकेपासून मोजत बेचाळीसला पोचतं, तोवर हातचे ४ विसरलेले असतात. २८६८ ऐवजी २८२८ येतात आणि वहीवर ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडतो. तो शेरा अन्यायाचा आहे.

पाढे म्हणूच नयेत, असं मात्र नाही. दुसरी-तिसरीत चालीवर म्हटल्यानेच संख्यांचा क्रम कानात बसतो. पण तिथे थांबू नये.

एक ते दहापर्यंत, ६ × ८ आणि ८ × ६ एकच धरले, तर ५५ जोड्या होतात. त्यांतून १, २, ५ आणि १० च्या सोप्या जोड्या काढल्या की उरतात फक्त २१. त्यांची कार्डं करा. रोज तीन नवी, बाकी जुनी, सगळी पिसून. तीन सेकंदांत उत्तर आलं तरच पक्कं. अडलं तर शेजारून जाऊ द्या: सात सत्ते एकोणपन्नास, आणखी सात छप्पन्न. उलटंही विचारा: छप्पन्नात सात किती वेळा? चोपन्न-छप्पन्न आणि त्रेसष्ट-चौसष्ट यांत मुलं हमखास घसरतात, कारण आवाज जवळचे आहेत. त्या जोड्या एकाच दिवशी नव्याने देऊ नका.

पाठांतर कुठवर? दहापर्यंत सक्तीने, कारण उभ्या गुणाकारात एका वेळी एकअंकीच गुणाकार लागतो. पुढे १२, १५ आणि २५ रोजच्या हिशेबात (डझन, पाव तास, पाव शेकडा) कामाचे. दोन अंकी भागाकारात तेरा ते एकोणीसचे पाढे वेळ वाचवतात, पण १७ × ८ हे ८० अधिक ५६ असं मोडूनही जमतं. तीसपर्यंतचा आग्रह त्या २१ जोड्या पक्क्या झाल्यावरच धरावा. सत्तावीसचा पाढा घोकायला बसवण्याआधी मुलाला २७ × ६ हे १२० अधिक ४२ असं करता येतं का, ते बघा.