काचेचं कपाट दिवाणखान्यात कसं आलं

जुन्या काचेच्या कपाटाचा विषय निघाला की बोलणं लाकडावर जातं. महोगनी की अक्रोड, पॉलिश मूळचं की नंतरचं, बिजागऱ्या बदलल्यात का? हे सगळं बघायलाच हवं. पण या कपाटाचं रूप वेळोवेळी बदललं ते मुख्यतः काचेमुळे. केवढी काच बनवता येते आणि ती कितीला पडते, या दोन प्रश्नांभोवती साडेतीनशे वर्षांचा हा इतिहास फिरतो.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या श्रीमंत घरांत मौल्यवान वस्तू बंद कपाटात असत. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात एबनी या काळ्या, कठीण लाकडाची, असंख्य खणांची कॅबिनेट बनत. १६३२ मध्ये या शहराने स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याला असंच एक कॅबिनेट भेट दिलं. ते आज उप्साला विद्यापीठात आहे. मालकाने दार उघडून एकेक खण ओढल्याशिवाय पाहुण्याला आतलं काही दिसायचं नाही. दाखवायचं की नाही, कुणाला आणि किती, हे सगळं मालकाच्या हातात.

मग चिनी मातीची भांडी आली. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने ती जहाजं भरभरून आणली. निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या खणात कोंडून ठेवण्यात काय अर्थ? नेदरलँड्समध्ये राहून आलेल्या आणि १६८९ मध्ये इंग्लंडची राणी झालेल्या दुसऱ्या मेरीच्या महालांत दारांवर, शेकोटीवर, कपाटांच्या माथ्यावर अशा भांड्यांच्या रांगा लागल्या. सगळं उघड्यावर. खुद्द चीनमध्येही छिंग राजवटीत शोभेच्या वस्तूंसाठी लहानमोठ्या कप्प्यांच्या सुंदर मांडण्या बनत, त्यांना 'दुओबाओगे' म्हणत. त्याही उघड्याच असत. रोज धूळ पुसायला नोकरचाकर असले की हे परवडतं.

काचेची दारं मात्र भांड्यांआधी पुस्तकांना मिळाली. लंडनच्या नौदल कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स याने १६६६ च्या उन्हाळ्यात रोजनिशीत लिहून ठेवलंय की पुस्तकं इतकी वाढलीत की खुर्च्यांवर एकावर एक पडून आहेत. त्याने सिम्प्सन नावाच्या, गोदीत काम करणाऱ्या सुताराकडून काचेच्या दारांची कपाटं करून घेतली. पुढे त्यांची संख्या १२ झाली आणि ती सगळी आजही केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याच्या पुस्तकांसकट उभी आहेत. त्यांच्या दारांत बघण्यासारखी गोष्ट म्हणजे छोटी छोटी तावदानं. मोठी काच सहज मिळत नव्हती, म्हणून लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत तुकडे बसवायचे.

त्या काळी इंग्लंडमध्ये चांगली काच म्हणजे 'क्राउन' काच. कारागीर वितळलेल्या काचेचा फुगा फुंकायचा, तो नळीवरून लोखंडी दांड्यावर घ्यायचा आणि भट्टीसमोर गरगर फिरवायचा. फुगा उघडून मोठी सपाट चकती व्हायची. मधोमध दांड्याची जाड गाठ राहायची. ती टाळून कडेकडेचे तुकडे कापायचे, म्हणजे तावदान लहानच निघणार. मोठा ताव ओतून, घासून, चकाकी देऊन बनवायची सोय फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस झाली, पण ती काच राजेरजवाड्यांच्या आरशांना परवडणारी. ब्रिटनमध्ये १७४६ पासून काचेवर वजनानुसार कर बसला, त्यामुळे जाड काच आणखी महाग झाली आणि पातळ क्राउन काचेचं फावलं.

सुतारांनी या अडचणीचं जे सोनं केलं, ते मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात आवडतं. काच तुकड्यांचीच लावायची ना, मग पट्ट्याच नक्षीदार करू! लंडनचा फर्निचर बनवणारा थॉमस चिपेंडेल याच्या १७५४ च्या नमुना-पुस्तकात चिनी भांड्यांसाठीच्या कपाटांची खास रेखाटनं आहेत, गॉथिक कमानींची आणि चिनी जाळीची. दारात १३ तावदानं बसवणारी मांडणीही त्या काळात रूढ झाली. अमेरिकेच्या मूळ १३ वसाहतींवरून ती आली, अशी एक गोष्ट गिऱ्हाइकांना हौसेने सांगतात. गोष्ट छान आहे, पण ही मांडणी अमेरिकी स्वातंत्र्याच्या आधीपासून इंग्लंडमध्ये होती.

भांडीही याच सुमारास आवाक्यात येऊ लागली. १७१० मध्ये जर्मनीत माइसेनचा कारखाना सुरू झाला आणि पोर्सेलिनवरची, म्हणजे या चिनी मातीच्या भांड्यांवरची, पूर्वेची मक्तेदारी मोडली. शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बोन चायना आलं. आता मध्यमवर्गीय घरातही एक 'चांगला सेट' असे, जो वापरायचा नसे. त्याला जागा हवीच होती.

खरी उलथापालथ झाली ती १८४५ मध्ये, ब्रिटनमधला काचेवरचा कर उठल्यावर. काच नळकांड्याच्या आकारात फुंकून, उभी चिरून, तापवून सपाट करायची पद्धत आता जोरात वापरात आली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या काचमहालासाठी चान्स ब्रदर्स या काच कारखान्याने याच पद्धतीने सुमारे ३ लाख तावदानं पुरवली. कपाटाच्या दारात अखंड काच दिसू लागली ती या बदलानंतर. पट्ट्यांची गरज संपली, पण पट्ट्या गेल्या नाहीत. जुन्या चालीची कपाटं लोकांना हवीच होती. पुढे कित्येकांनी एका मोठ्या काचेवर नुसती लाकडी जाळी चिकटवून भागवलं. ओळखायचं सोपं आहे: दारासमोर उभं राहून प्रतिबिंब बघा. वेगवेगळ्या तावदानांत ते किंचित तुटक, वाकडंतिकडं दिसतं. एकाच काचेत सलग दिसतं.

फ्रेंच 'व्हिट्रीन', म्हणजे शोभेच्या वस्तूंचं काचेचं कपाट, हे याच काळाचं अपत्य. सोनेरी पितळी नक्षी, फुगीर बाजू, वळवलेल्या काचा, खाली रंगवलेली चित्रं. पॅरिसचा फर्निचर बनवणारा फ्रान्स्वा लिंके याने १९०० च्या सुमारास यात कमाल केली. विक्रीच्या चिठ्ठीवर 'पंधराव्या लुईची शैली' असं लिहिलेलं असतं आणि घेणारा कपाट त्याच काळातलं समजून बसतो. तो फ्रेंच राजा १७७४ मध्ये वारला. यातली बरीचशी कपाटं त्यानंतर शंभरेक वर्षांनी बनली.

वळलेली काच साच्यावर ठेवून भट्टीत मऊ करतात, ती आपल्याच भाराने साच्यावर बसते. १८९० ते १९२० च्या दरम्यान अमेरिकेत अशा काचांची गोल पोटाची ओकची कपाटं कारखान्यांतून निघाली आणि टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगांतूनही विकली गेली. पाय सिंहाच्या पंजाचे, पाठीला आरसा. यातली काच फुटली की पंचाईत, कारण त्याच वळणाची दुसरी करून घ्यावी लागते.

आरशांबद्दल एक सावधगिरी. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने काचेवर चांदीचा थर देण्याची रासायनिक रीत शोधली; त्याआधी, आणि नंतरही काही दशकं, कथील-पाऱ्याचा लेप वापरत. जुन्या पाठीवरचा करडा, चमचमता थर खरवडायला जाऊ नये.

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये अक्रोडाच्या व्हिनियरची, म्हणजे वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेली, गोलाकार कपाटं घरोघरी आली, १९५० नंतर खाचेतून सरकणाऱ्या, चौकट नसलेल्या काचा. १९५९ मध्ये पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून बनवायची पद्धत जाहीर केली आणि लाटाविरहित, स्वस्त काच सर्वत्र झाली. म्हणून १७८० च्या म्हणवणाऱ्या कपाटातली काच आरपार निर्दोष दिसली, तर ती बदललेली समजावी. एवढ्यावरून कपाट बनावट ठरत नाही. दोन-अडीच शतकांत काच फुटतेच. उलट लाटा दिसल्या म्हणून खात्रीही नको, कारण जुन्या खिडक्यांच्या काचा काढून बसवणारे आहेत. आणि काच हळूहळू ओघळून खाली जाड होते, हे खोटं. जुनी काच मुळातच कमीजास्त जाडीची निघायची.

अमेरिकी जकात कायद्यात १९३० साली अँटीकसाठी १८३० ही पक्की हद्द होती, म्हणजे वस्तू त्याआधी बनलेली हवी. १९६६ मध्ये ती काढून १०० वर्षं वयाचा निकष आला, आणि पुरातन वस्तूंच्या व्यापारातही हाच हिशेब सर्रास चालतो. त्यामुळे ओकची ती गोल पोटाची कपाटं हद्द ओलांडून गेलीत, आणि आजवर 'व्हिंटेज' म्हणून विकली जाणारी १९३० च्या दशकातली अक्रोडाची कपाटं तिच्या जवळ येऊन ठेपलीत.