२१४७४८३६४७

२ चा ३१ वा घात उणे १ म्हणजे २,१४,७४,८३,६४७ : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्यांत हिचा क्रमांक आठवा. ३१ हाही मर्सेन मूळ (३२ उणे १), म्हणून ही ‘दुहेरी मर्सेन’ ठरते. अशा मूळ संख्या आजवर चारच सापडल्या आहेत.

घातांक मूळ असला की काम झाले, असे मात्र नाही. २३ मूळ आहे, तरी २ चा २३ वा घात उणे १ ला ४७ ने पूर्ण भाग जातो. इटलीचे गणिती काताल्दी येथेच फसले, ही संख्या त्यांनी मूळ मानली; ३१ व्या घाताबद्दलचा त्यांचा तसाच दावा मात्र खरा निघाला. मारँ मर्सेन यांच्या १६४४ च्या यादीतही ३१ होता, पण सिद्धता लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिली. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती. एरवी वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागले असते. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे ऑयलर यांनी हेरले. मग उरले जास्तीत जास्त ३७२ भागाकार. खरी करामत या चाळणीची आहे.

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःला वगळून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. त्यांचे म्हणणे असे: अशा संख्या निव्वळ गमतीच्या, उपयोग शून्य, मग शोधणार कोण? १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी २ चा १२७ वा घात उणे १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले; तिच्यापासून याहून मोठी परिपूर्ण संख्या मिळाली आणि बार्लोंचे भाकीत खोटे पडले.

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने ३१ एकके. संगणकाच्या ३२ बिटांपैकी (० किंवा १ साठीच्या जागांपैकी) एक अधिक-उणे चिन्हासाठी गेला की उरलेल्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. मूळ असण्याचा या मर्यादेशी काही संबंध नाही, तो योगायोग. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येवर पोचेल. पुढच्याच सेकंदाला चिन्ह उणे होऊन ते डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. मूळ असणे आणि ३२ बिटांत मावणे हे दोन्ही गुण एकत्र कामी येतात ते यादृच्छिक (क्रम ओळखता न येणाऱ्या) संख्या तयार करताना. आधीच्या संख्येला १६,८०७ ने (७ चा पाचवा घात) गुणायचे, २१४७४८३६४७ ने भागायचे आणि बाकी घ्यायची. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक नेमका निवडल्यामुळे १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय हे चक्र पुन्हा सुरू होत नाही.