मणिकर्णचा भात आणि मळ्यातली विहीर

"थंडीत ते पाणी लई कढत असतंय," हे आत्तीचं ठाम मत. आम्ही कोल्हापूरहून मणिकर्णच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर दोनदा गेलो, आधी मे महिन्यात आणि मग पुढच्या जानेवारीत. मे मध्ये आंघोळीच्या ज्या कुंडाच्या पायरीवर ती पोटऱ्यांपर्यंत पाय सोडून गप्पा मारत बसली होती, तिथंच जानेवारीत अंगठा टेकवला तरी तिला चटका बसला. अनुभव तिचा स्वतःचा होता, त्यामुळं नुसतं "तसं नसतं" म्हणून भागणार नव्हतं. पण झऱ्याचं पाणी बारमाही सारखंच तापलेलं असतं, याला माझ्याकडं भाताचा पुरावा होता.

मणिकर्ण हे हिमाचल प्रदेशात कुल्लू जिल्ह्यातलं, पार्वती नदीच्या काठावरचं गाव. उंची सुमारे १,७६० मीटर. देवी पार्वतीच्या कानातला मणी इथं पाण्यात हरवला, म्हणून हे नाव पडलं अशी कथा सांगतात. एका बाजूला बर्फाचं पाणी घेऊन धावणारी नदी आणि तिच्यापासून चार पावलांवर उकळणारे झरे. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात आणि चणे या झऱ्यांतच शिजतात. येणारे लोकही तांदळाची पोटली दोरीला बांधून पाण्यात सोडतात. गाठ सैल मारायची, कारण तांदूळ फुगतो आणि घट्ट बांधला तर मधला कच्चाच राहतो. सुरुवातीला पोटली पाण्यात नुसती डोलत असते, थोड्या वेळानं जड होऊन खाली बसते, आणि वर काढली की कापडातून पांढरी पेज ठिबकते. आम्ही दोन्ही वेळा घरचाच इंद्रायणी नेला होता आणि तो दोन्ही वेळा वीसेक मिनिटांत शिजला. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. पण पाण्यात दहा अंशांचा जरी फरक असता, तरी भातानं तो दाखवला असता.

उकळणं म्हणजे शंभर अंश हे समुद्रकाठचं गणित. दर तीनशे मीटर चढलं की हवेचा दाब घटतो आणि पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं. कोल्हापुरात ते ९८ अंशांना उकळतं, मणिकर्णला ९४ च्या आसपास. तांदळातला स्टार्च ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान पाणी शोषून मऊ होतो, म्हणून भाताचं काही अडत नाही. तूरडाळ मात्र उघड्या भांड्यात तिथं रेंगाळते. डोंगरावरच्या स्वयंपाकघरात कुकर लागतो तो यासाठीच.

आता हे पाणी तापतं कशानं? आपल्याकडं कुणालाही विचारा, उत्तर येतं : "खाली गंधक आहे." हा समज फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा. गरम पाणी खडकातून वर येताना गंधकाची संयुगं सोबत आणतं. म्हणजे गंधक हा वाटेत भेटलेला प्रवासी, चूल नव्हे. चूल आहे ती पृथ्वीच्या पोटातली. कवचात एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. यातली काही उष्णता पृथ्वी घडली तेव्हापासूनची आहे, तर बरीचशी खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून आजही तयार होते आहे. डोंगरावर पडलेलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं आणि एखाद्या मोठ्या भेगेतून परत वर येतं. हिमालयात तर भूखंडांच्या टकरीमुळं खालचे तप्त खडक वेगानं वर उचलले गेले आहेत आणि वरचा थर झिजून गेला आहे. त्यामुळं तिथं चुलीपर्यंतचं अंतर कमी. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

या सगळ्या फेऱ्याला वर्षं लागतात, कधी दशकं. आणि वरच्या ऋतूंची मजल जमिनीत किती खोल जाते? दिवसाचं ऊन हातभर खाली जेमतेम पोचतं. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दहा-पंधरा मीटरवर जवळजवळ संपतो. त्याच्या खाली बारमाही एकच तापमान, त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं. करवीर तालुक्यातल्या आमच्या मळ्यातली विहीर हेच सांगते. झऱ्याचं पाणी वर्षभर पंचविशीच्या आसपास, पण मे महिन्याच्या दुपारी ते गार लागतं आणि डिसेंबरच्या पहाटे कोमट. विहीर काही ऋतू पाहून पाणी तापवत नाही. मणिकर्णचा झरा म्हणजे तीच विहीर, फक्त कितीतरी खोल. (जिथं वरचं गार पाणी वाटेत मिसळतं, अशा झऱ्यांचं तापमान मात्र पावसाळ्यात खाली येऊ शकतं.)

मग आत्तीचा चटका? तोही खरा. आपली कातडी तापमान मोजत नाही, तापमानात झालेला बदल टिपते. तीन बादल्या घ्या : एकीत गार पाणी, दुसरीत सोसेल इतकं गरम आणि मधल्या बादलीत कोमट. एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा आणि मग दोन्ही मधल्या बादलीत घाला. पाणी एकच असताना एका हाताला ते गरम लागेल, दुसऱ्याला गार. जानेवारीत मणिकर्णची हवा शून्याजवळ असते आणि पायाची बोटं वीस अंशांच्याही खाली उतरलेली असतात. कुंडातलं बेचाळीस अंशांचं पाणी त्यांना निखाऱ्यासारखं वाटणारच.

त्यात वाफेची भर. पंचवीस अंशांची हवा घनमीटरमागं सुमारे २३ ग्रॅम बाष्प सामावते, शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. थंडीत जास्तीच्या बाष्पाचे लगेच थेंब होतात आणि अख्खं गाव धुरात बुडाल्यासारखं दिसतं. गुऱ्हाळावर पहाटेच्या काहिलीवर जो दाट पांढरा लोट दिसतो आणि दुपारी विरळ होतो, तोही असाच. काहिलीखालचा जाळ तेवढाच असतो.

आंघोळीबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. जानेवारीत मामा अर्धा तास पाण्यात बसले आणि उठताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दोघांनी धरलं म्हणून पडले नाहीत. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असेपर्यंत बाहेरचा दाब रक्त छातीकडं लोटत असतो. उभं राहताच तो आधार जातो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. शिवाय पाण्यात बसल्यानं लघवी जास्त होते, घामही जातो, म्हणून बाहेर आल्यावर पाणी प्यायला हवं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, उठायचं ते सावकाश. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. कोमट कुंडांत बुडी मारणं, नाकात पाणी जाऊ देणं टाळा. मेंदूला घातक ठरणारा नेग्लेरिया हा अमीबा अशा पाण्यात वाढू शकतो. तो लागण करतो ती नाकावाटेच.

हिमाचल लांब पडत असेल तर अणुस्कुरा घाट उतरून राजापूरजवळचं उन्हाळे गाठा. कोकणात अशी ओळच आहे : उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी. उन्ह म्हणजे उष्ण, गावांच्या नावातच पाणी तापलेलं आहे. सह्याद्री लाव्हाचा म्हणून हे झरे गरम, असं मात्र समजू नका. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. इथंही काम करतात त्या खोल भेगाच.

मला विचाराल तर मणिकर्ण जानेवारीतच पाहावं. मे मध्ये नदी बर्फ वितळून गढूळ होते आणि झऱ्यांचा आवाज तिच्या गर्जनेत बुडतो. थंडीत ती बारीक आणि निळी होते, आणि तेव्हा उकळणाऱ्या पाण्याचा खदखद आवाज नीट ऐकू येतो.

परवा पहाटे मळ्यात मोटर सुरू केली. पाटात पडणाऱ्या पाण्यावर बारीक वाफ होती. आत्तीनं चप्पल काढून पाय सोडले. "हे बी ऊन हाय की रं," म्हणाली आणि दिवस वर येईपर्यंत तशीच बसून राहिली.