स्वीडनने म्हणे काहीच बंद केलं नाही!

लॉकडाऊनवरून वाद पेटला की कोणीतरी हुकमी पत्ता टाकतंच: "स्वीडनमध्ये काहीच बंद नव्हतं, काय बिघडलं त्यांचं?"

घरात कोंडणारा सक्तीचा लॉकडाऊन तिथे लागला नाही, लहान मुलांच्या शाळाही बहुतांशी चालू राहिल्या, हे खरं. पण मार्च २०२० मध्येच उच्च माध्यमिक वर्ग आणि विद्यापीठं ऑनलाइन गेली, पन्नासहून जास्त लोकांच्या जाहीर कार्यक्रमांना बंदी आली. नोव्हेंबरात ती मर्यादा थेट आठवर! बारच्या काउंटरशी उभं राहून पिणंही बंद, टेबलाशी बसायचं. वृद्धाश्रमात भेटीला जायला देशभर मनाई. आणि तरीही विषाणू नेमका तिथेच शिरला, म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेला. डिसेंबरात खुद्द राजे कार्ल गुस्ताफ टीव्हीवर म्हणाले, आपण अपयशी ठरलो.

"तिथे प्रेतांचा खच पडला" ही उलटी आरोळीही अर्धवटच. जो तो सोयीचं वर्ष उचलतो. २०२० मध्ये शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा तिथे कितीतरी जास्त माणसं दगावली. २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं मिळून जादा मृत्यू, म्हणजे एरवीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेले मृत्यू, मोजले, तर मात्र स्वीडन युरोपच्या यादीत बराच खाली, म्हणजे कमी मृत्यूंच्या देशांत दिसतो.