वाडा भिवंडीत, कागद पारनेरात

भातकापणी उरकली की पारनेर-संगमनेरकडच्या धनगरांची मेंढरं माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, भिवंडीत येतात. चार-पाच कुटुंबांचा मिळून एक वाडा, बिऱ्हाड घोड्यांवर. शेतकरी रिकाम्या खाचरात रात्रभर मेंढरं बसवून घेतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोख देतो. पावसाआधी घाट चढावाच लागतो, कारण कोकणच्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात.

१८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलातल्या चराईवर बंधनं आणली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि खाडीकाठची शेतं शहरात गेली. भिवंडीतल्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, आता आमण्यापर्यंत समृद्धी महामार्गही आलाय. २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मानतो. पण आदिवासी नसलेल्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. दावा ग्रामसभेपुढे मांडायचा. घाटावरच्या धनगराला मुरबाडच्या ग्रामसभेत ओळखणार कोण?

योजना आहेत. २०१७ ची महामेष योजना २० मेंढ्या आणि एका नराच्या गटाला ७५ टक्के अनुदान देते. चराई अनुदान जून ते सप्टेंबर, महिना ६,००० प्रमाणे २४,००० रुपये. तेव्हा कळप गावाकडे असतो आणि शिवारात पिकं उभी असल्याने चरायला जागा नसते. फेऱ्याचं वेळापत्रक ओळखणारी, आमच्या मते, ही एकच योजना.

बाकी घोडं कागदात अडतं. भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील आणि नावावर सातबाराही नसेल, तर तो आणायचा कुठून? रेशन आता कुठल्याही दुकानातून घेता येतं, पण अंगठा मशीनवर उमटला पाहिजे आणि दुकानात स्थलांतरितांपुरता माल शिल्लक पाहिजे.

सर्वात जास्त पैसा बुडतो तो मेंढी मेल्यावर. विम्याला कानातला बिल्ला, पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल आणि पंचनामा लागतो. हायवेवर ट्रकने चार मेंढ्या चिरडल्या तर डॉक्टर येईपर्यंत त्या उन्हात ठेवायच्या, आणि वाडा तर सकाळी पुढच्या खाचरात बोलावलेला. बहुतेक जण बिल्ला कापून खिशात टाकतात आणि मेंढ्या पुरून निघतात. नुसत्या बिल्ल्यावर दावा मंजूर होत नाही.