आई, बाप आणि यार्देनपलीकडचे घर : ख्रिस्ती लोकगीतांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ मुलखातली जुनी ख्रिस्ती लोकगीते ऐकू लागलो की त्यातला स्वर्ग फार ओळखीचा वाटतो. सिंहासन, देवदूत, सोन्याचे रस्ते यांचे वर्णन कधीतरी येते, पण त्यावर गाणे रेंगाळत नाही. नदी ओलांडली की पलीकडे घर आहे आणि तिथे आई वाट पाहते आहे, एवढेच बहुतेक गाण्यांना सांगायचे असते. आज एखादा गीतकार गिटार घेऊन वडिलांच्या झिजलेल्या बायबलवर किंवा आजीच्या रात्रीच्या प्रार्थनेवर गाणे रचतो, ते थेट मनाला भिडते आणि आपण म्हणतो, किती साधे आहे! ते साधे आहे खरेच. पण श्रद्धा आणि घर यांची अशी सांगड पडायला दोनअडीचशे वर्षे लागली, आणि ती घातली ती मुख्यतः ताटातुटीने.

सुरुवातीला या गायनात घराला जागाच नव्हती. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधून आलेले कर्मठ प्रोटेस्टंट लोक उपासनेत फक्त बायबलमधली स्तोत्रे गात. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकी वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक, १६४० चे ‘बे साम बुक’, हे स्तोत्रांचेच पद्यरूप होते. पुस्तके कमी, आणि वाचता सगळ्यांनाच येत नसे. त्यामुळे एकाने ओळ म्हणायची आणि मंडळीने ती लांबवत गायची, अशी रीत पडली. केंटकीतल्या ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट मंडळ्यांत ती अजून टिकून आहे. माणसाने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या अनुभवातून देवाला आळवावे याला इंग्रजी उपासनेत खरे बळ दिले आयझॅक वॉट्स या इंग्रज पाळकाने. त्याचा ‘हिम्स अँड स्पिरिच्युअल साँग्ज’ हा संग्रह १७०७ मध्ये आला. तिथून स्तोत्रगायनात ‘मी’ ठामपणे बोलू लागला.

त्या ‘मी’चे सगळ्यात गाजलेले गाणे म्हणजे ‘ॲमेझिंग ग्रेस’. एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेला जॉन न्यूटन पुढे इंग्लंडमधल्या ओल्नी गावात पाळक झाला. १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी त्याने हे शब्द लिहिले आणि १७७९ मध्ये ते छापले गेले. पण आज जी चाल आपल्या कानात आहे ती त्याला ठाऊक नव्हती. ‘न्यू ब्रिटन’ नावाच्या त्या चालीशी हे शब्द जोडले गेले १८३५ मध्ये, विल्यम वॉकरच्या ‘सदर्न हार्मनी’ या संग्रहात. आणि दहा हजार वर्षांचा उल्लेख असलेले शेवटचे कडवे तर न्यूटनचे नाहीच. ते दुसऱ्या गाण्यातून येऊन इथे स्थिरावले. एकाने लिहिले, दुसऱ्याने चाल दिली, तिसऱ्याने कडवे जोडले. लोकगीत म्हणतात ते हेच, आणि मला त्यात चोरी दिसत नाही, मालकी सोडून देण्याचा मोठेपणा दिसतो.

घर या गाण्यांत शिरले ते मात्र रानातल्या मेळाव्यांतून. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज इथे हजारो माणसे बैलगाड्या, घोडागाड्या घेऊन जमली, तिथेच मुक्काम ठोकून दिवसरात्र प्रवचने ऐकत आणि गात राहिली. अशा जागी गायनाची पुस्तके कुठून असणार? अंधारात, शेकोटीच्या उजेडात, अनोळखी माणसांना लगेच उचलता येईल असे काहीतरी हवे होते. त्यातून एक युक्ती रुळली. कडवे तेच ठेवायचे, फक्त एक शब्द बदलायचा. पहिल्या वेळी ‘बाप’, मग ‘आई’, मग ‘भाऊ’, मग ‘बहीण’. ‘वेफेअरिंग स्ट्रेंजर’ या गाण्याची घडण नेमकी अशी आहे. एक परका वाटसरू दुःखाच्या प्रदेशातून चालला आहे. यार्देन, म्हणजे बायबलमधली नदी आणि या गाण्यांत मरणाची खूण, ओलांडून तो बापाला भेटायला निघालाय, पुढच्या कडव्यात आईला.

म्हटले तर ही पाठांतराची सोय. पण ती गाणारे कोण होते ते पाहा. व्हर्जिनिया, कॅरोलायनातून डोंगर ओलांडून पश्चिमेकडे आलेली ही कुटुंबे. मागे राहिलेले आईबाप पुन्हा दिसतील याची त्यांना फारशी आशा नव्हती. पोटची मुले लहानपणीच जात होती. अशा माणसाला ‘आई’ हा शब्द गाताना काय होत असेल! कडव्यात रिकामी ठेवलेली ती एका शब्दाची जागा प्रत्येक जण स्वतःच्या माणसाने भरत होता. या परंपरेच्या जिव्हाळ्याचे मूळ मला इथे दिसते. जात्यावरच्या ओवीत बाई विठ्ठलाला आणि भावाला एकाच दमात आठवते, तसेच काहीसे हे.

गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी हीच गाणी अधिक खोल नेली. त्यांची घरे रोगराईने किंवा स्थलांतराने तुटत नव्हती, ती बाजारात विकली जात होती. आई एका मळ्यावर, मूल दुसऱ्या राज्यात. त्यांच्या गाण्यांतले आईविना लेकरू हा अलंकार नव्हे. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या ज्युबिली सिंगर्सनी १८७१ पासून गावोगाव फिरून ही गाणी गायली, विद्यापीठासाठी निधी उभा केला आणि ती जगापुढे आणली. गोऱ्यांची ख्रिस्ती लोकगीते आणि कृष्णवर्णीयांची भक्तिगीते अशी दोन स्वतंत्र खाती करून इतिहास लिहिला जातो, तेव्हा तो अर्धवटच राहतो. देवाणघेवाण सतत चालू होती.

दरम्यान खेड्यापाड्यांत गायनशाळा चालत होत्या. १८०१ च्या ‘द ईझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकाने स्वरलिपी सोपी केली, प्रत्येक स्वराला एक आकार दिला: फा साठी त्रिकोण, सोल साठी वर्तुळ, ला साठी चौकोन, मी साठी शंकरपाळ्याचा आकार. शेतकरी, सुतार काही आठवड्यांत चार आवाजांत गायला शिकत. १८४४ मध्ये जॉर्जियात तयार झालेला ‘द सेक्रेड हार्प’ हा संग्रह याच लिपीतला, आणि तो आजही गायला जातो. गाणारे चौकोन करून आत तोंड करून बसतात आणि मधे उभा राहून कोणीही गाणे चालवू शकतो. समोर श्रोते असे नसतातच. मोठ्या संमेलनांत वर्षभरात वारलेल्यांची आणि आजारी असलेल्यांची नावे वाचून त्यांच्यासाठी गाण्याचाही परिपाठ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतून गॉस्पेल गीतांची, म्हणजे सोप्या चालींच्या भावपूर्ण ख्रिस्ती गीतांची लाट आली. लहानपणापासून अंध असलेल्या फॅनी क्रॉस्बीने तर आठ हजारांहून अधिक गीते रचली. या काळातले एक उदाहरण महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर १८७३ मध्ये ‘व्हिल द्यू हाव्र’ हे जहाज अटलांटिकमध्ये बुडाले आणि शिकागोच्या होरेशिओ स्पॅफर्डच्या चारही मुली गेल्या, पत्नी तेवढी वाचली. त्यानंतर त्याने लिहिलेले ‘इट इज वेल विथ माय सोल’ आजही अंत्यविधींत गातात. पण त्या गीतात मुलींचा उल्लेखच नाही. दुःखाच्या लाटा आहेत, समुद्र आहे, मुली नाहीत. तसेच गॉस्पेल गीतकार थॉमस डॉर्सीचे. १९३२ मध्ये बाळंतपणात त्याची पत्नी नेटी गेली, पाठोपाठ नवजात मूलही. त्यातून आलेले ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे हात धर एवढेच मागते. गाण्यामागची गोष्ट ठाऊक असली तर अंगावर काटा येतो, पण ती गोष्ट गाण्यात नाही. उपासनेसाठी ते योग्यच आहे. सगळ्या मंडळीला गाता यायला हवे.

लोकगीताने वेगळी वाट धरली, आणि ती कार्टर या गाणाऱ्या कुटुंबात सगळ्यात स्पष्ट दिसते. १९२७ च्या ऑगस्टच्या आरंभी व्हर्जिनियातले ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि दिवस भरत आलेली भावजय मेबेल ब्रिस्टल गावात पोचले. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी राल्फ पीअर तिथे डोंगराळ भागातल्या गायकांचे ध्वनिमुद्रण करत होता. पुढे ए. पी. गावोगाव गाणी गोळा करत हिंडले. सोबत बऱ्याचदा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे, ए. पी. शब्द टिपून घेत, रिडल चाल डोक्यात साठवून आणे. रिडलचे नाव रेकॉर्डवर आले नाही, आणि हे खटकल्यावाचून राहत नाही.

त्यांनी १९३५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ हे मुळात १९०७ चे चर्चमधले गीत. शब्द एडा हॅबरशनचे, संगीत चार्ल्स गेब्रियलचे. मूळ गीतात घरातल्या एकेका माणसाची जागा रिकामी होत गेल्याची हुरहुर होती, पण ती दुरून पाहिलेली. ए. पी. कार्टरनी धृपदाचा गाभा ठेवला आणि कडवी बदलली. आता एक माणूस थंड, ढगाळ दिवशी खिडकीशी उभा आहे. आईला न्यायला शववाहिका येताना त्याला दिसते. तो गाडीवानाला म्हणतो, गाडी जरा हळू हाक, तू जिला नेतो आहेस तिला जाताना बघणं फार जड जातंय. दफन उरकून घरी येतो तर भावंडे रडत आहेत, घर सुने आहे. पुन्हा सगळे एकत्र येऊ का, हा प्रश्न तोच; पण तो आता उपदेशातून येत नाही, ‘हळू हाक’ या विनवणीतून येतो. गाणे मनाला भिडते ते या एका तपशिलामुळे.

घराची ही गाणी गाणाऱ्या कार्टरांचे स्वतःचे घर मात्र मोडत होते. १९३० च्या दशकात सारा आणि ए. पी. वेगळे झाले, तरी एकत्र गात राहिले. मला यात ढोंग दिसत नाही. न तुटलेल्या वर्तुळाची आस ज्यांचे वर्तुळ तुटले आहे त्यांनाच अधिक असते, आणि ती त्यांच्या आवाजात ऐकू येते.

यानंतरचा प्रवास तुलनेने ओळखीचा आहे. अल्बर्ट ब्रमलीचे ‘आय विल फ्लाय अवे’ १९३२ मध्ये छापले गेले आणि गायनशाळांतून, रेडिओवरून सर्वतोमुखी झाले. १९४८ मध्ये हँक विल्यम्सचे ‘आय सॉ द लाइट’ आले. १९७१ मध्ये टेनेसीतल्या बारा भावंडांच्या घरातून आलेल्या डॉली पार्टनने ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ गायले. आई चिंध्या जोडून मुलीसाठी कोट शिवते आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याची गोष्ट सांगते. शाळेत पोरे हसतात. इथे श्रद्धा स्वतंत्र कडव्यात येत नाही, ती आईच्या सुईदोऱ्यात आहे. विश्वास आणि घर यांवर लिहू पाहणाऱ्या कोणालाही यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. १९७२ मध्ये आलेल्या अल्बममध्ये ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’च्या तरुणांनी मेबेल कार्टरना सोबत घेऊन जुनी गाणी पुन्हा गायली, आणि २००० च्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ चित्रपटाच्या संगीताने ती आणखी एका पिढीपर्यंत नेली. त्या अल्बमला २००२ चा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

या वारशाला धोकाही आहे. आईचे अश्रू, मरणारे बालक, परत आलेला उधळ्या मुलगा, हे साचे इतके तयार आहेत की शब्द बसवले की गाणे होते. १९२० आणि ३० च्या दशकांत अशा गाण्यांचे पीक आले होते, त्यातली बहुतेक विस्मरणात गेली. आजच्या मोठ्या मंचांवरच्या आराधनागीतांचा प्रश्न उलटा आहे. त्यात ‘मी’ आणि ‘तू’ असतात, आई, आजी, गेलेला भाऊ यांना जागा नसते. म्हणून तीन स्वरमेळांवर स्वतःच्या घराचे गाणे रचणारा कोणी अनामिक गीतकार ऐकू येतो तेव्हा लोक थांबून ऐकतात. बापाने बायबल कुठल्या खुर्चीत बसून वाचले, हे त्याला नेमके आठवत असते.